पानावरची सही

भाताची कापणी आणि झोडणी आटोपून पेंढा रचला गेला, की उल्हास नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या हंगामाची चाहूल लागते. बदलापूरहून कर्जतच्या दिशेने जाताना लागणारे चामटोली हे याच खोऱ्यातील गाव. २०१९ च्या जुलै महिन्यात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा हा परिसर महाराष्ट्रभर चर्चेत आला होता. पावसाळ्यात पाण्याने वेढली जाणारी अशी जमीन हिवाळ्यात, जिथे विहिरीचे वा नदीचे पाणी हाताशी असते तिथे, भाजीपाल्यासाठी उपयोगी पडते.

या पट्ट्यात शहरातील व्यापारी कुटुंबांनीही लहान-मोठ्या वाड्या घेतल्या आहेत. असेच एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. दुकान कल्याणला, वाडी चामटोलीला, आणि वाडीत हौसेने लावलेला पाच गुंठे कोबी. मार्गशीर्षातील एका सकाळी वाडी सांभाळणाऱ्या काकांचा दूरध्वनी येतो. "शेठ, कोबीची पानं चाळणी झालीत. काय करायचं?" शेठ गिऱ्हाइकात गुंतलेले. ते घाईने सांगतात, "दुकानातून एखादं जालीम औषध आणा आणि फवारून टाका." शेजारी बसलेल्या आजींच्या कानांवर हे बोलणे पडते. त्या एवढेच म्हणतात, "अरे, कोणी खाल्लं ते तरी आधी विचार. दोन पानं मागवून घे."

आजींचा हा प्रश्न साधा आहे, आणि बहुतेक वेळा तोच विचारला जात नाही. बँकेत धनादेश आला की त्यावरील सही नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय रक्कम दिली जात नाही. कोबीच्या पानावरही प्रत्येक कीटक आपली सही ठेवून जातो. कोणाची सही गोल छिद्राची, कोणाची पारदर्शक खिडकीची, कोणाची जाळीची. ती न वाचता फवारणी करणे म्हणजे सही न पाहता धनादेश वटवणे. त्यात पैसा जातो, फवारणी करणाऱ्याचे आरोग्य धोक्यात येते, आणि ज्यांचा त्या नुकसानीशी काहीही संबंध नाही असे असंख्य जीव विनाकारण मरतात.

कोबीचे कूळ

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, मुळा आणि मोहरी ही सारी एकाच कुळातील पिके आहेत. त्यांच्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि त्या चौफुलीसारख्या मांडलेल्या असतात. 'कोबी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. फुलकोबीचे बी १८२२ मध्ये इंग्लंडमधून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, असे उद्यानविद्येच्या ग्रंथांत नमूद आहे. मोहरी मात्र आपल्या घरात त्यापूर्वीपासून नांदत आहे.

या कुळातील वनस्पतींच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये असतात. मोहरी वाटताना नाकात जो झणका जातो तो त्यांचाच. वनस्पतीने हा झणका स्वसंरक्षणासाठी बाळगलेला असतो आणि बहुतेक कीटक त्याच्यापासून दूर राहतात. परंतु काही मोजक्या कीटकांनी हे द्रव्य पचवण्याची युक्ती साधली आहे. जो वास इतरांना दूर ठेवतो, त्याच वासाचा माग काढत हे कीटक पिकापर्यंत पोहोचतात. म्हणूनच या पिकांवरील किडींची यादी फार लांब नाही. थोडे लक्ष दिले तर ती कोणालाही ओळखता येते. पीक जसजसे वाढते तसतशी ही मंडळी पाळीपाळीने येतात, त्यामुळे त्यांची ओळखही त्याच क्रमाने करून घेणे सोयीचे.

रोपाच्या वयात

गादीवाफ्यावर रोपे दोन-चार पानांची झाली की काही वेळा पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक, गोल छिद्रे दिसू लागतात. ही उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांची सही. हे भुंगेरे काळसर, चकचकीत आणि मोहरीच्या दाण्याएवढे असतात. हात जवळ नेताच ते पिसवेसारखी उडी घेऊन नाहीसे होतात. त्यामुळे छिद्रे दिसतात, कीटक दिसत नाही. मोठ्या रोपाला ही छिद्रे सोसतात, कोवळ्या रोपाला सोसत नाहीत.

याच वयात, विशेषतः मोहरीवर आणि मुळ्यावर, काळपट हिरवी अळी आढळते. स्पर्श होताच ती अंगाचे वेटोळे करून जमिनीवर पडते. ही पतंगाची अथवा फुलपाखराची अळी नव्हे, ती करवत माशीची अळी होय. मादी आपल्या करवतीसारख्या अवयवाने पानाच्या कडेला चीर पाडून त्यात अंडी घालते, म्हणून हे नाव. तिची ओळख पायांवरून पटते. पतंगाच्या अळीला छातीवरील तीन जोड्या पायांशिवाय पोटावर मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, तर या अळीला आठ असतात. हा भेद केवळ पुस्तकी नाही. बीटी या नावाने विकली जाणारी जिवाणूजन्य भुकटी पतंगवर्गीय अळ्यांवर चालते, करवत माशीच्या अळीवर चालत नाही. ओळख चुकली की भुकटीचा संपूर्ण खर्च वाया जातो.

लागवडीनंतर सकाळी शेतात गेल्यावर एखादे रोप जमिनीलगत कापून आडवे पडलेले दिसले, तर ती रोपे कुरतडणाऱ्या अळीची खूण समजावी. ही अळी रात्री बाहेर पडते आणि दिवसा मातीत दडते. कापलेल्या रोपाभोवतीची माती बोटभर उकरली तर करड्या रंगाची, गोळा होऊन पडलेली अळी बहुधा तिथेच सापडते. तिच्यासाठी पानांवर फवारणी करण्यात काहीच अर्थ नसतो.

रोप जोमाने वाढते, पण मधला कोंब मात्र दिसत नाही, अशीही तक्रार असते. कोंबाच्या जागी रेशमी धाग्यांची जाळी आणि विष्ठेचे कण दिसले, तर आत गड्डा पोखरणारी अळी आहे असे समजावे. तिच्या फिकट अंगावर तपकिरी-जांभळ्या उभ्या रेघा असतात. ती वाढीचा शेंडाच खाऊन टाकते. मग त्या झाडाला एक मोठा गड्डा धरण्याऐवजी बाजूने तीन-चार लहान, विक्रीला अयोग्य असे गड्डे फुटतात, किंवा एकही धरत नाही. शेतकरी पुष्कळदा बियाणे खराब निघाले म्हणून दुकानदाराशी वाद घालतो. खरा दोष एका सेंटिमीटरभर अळीचा असतो आणि ती केव्हाच निघून गेलेली असते.

पानवाढीच्या काळात

आता त्या कीटकाकडे वळू, ज्याने जगभरातील कोबी उत्पादकांना जेरीस आणले आहे. मराठीत त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. भारतात त्याची नोंद १९१४ मध्ये झाली. पतंग नखाएवढा, करडा-तपकिरी असतो. तो पंख मिटून बसला की पाठीवर पांढरट रंगाचे तीन शंकरपाळ्यासारखे चौकोन एका ओळीत दिसतात. नावाचा उगम तोच.

त्याची अळी पोपटी असते. पूर्ण वाढल्यावरही ती एक सेंटिमीटरच्या आसपासच भरते आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तिला काडीने हलकेच डिवचले तर ती जोराने वळवळत मागे सरकते आणि रेशमी धाग्याला लोंबकळून पानाखाली उतरते. ही एकच खूण ओळख पटवण्यास पुरेशी आहे. लहान अळी पानाचा खालचा भाग खरवडून खाते, परंतु वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पान उजेडात धरले की त्यावर पारदर्शक खिडक्या दिसतात. कालांतराने पापुद्रा फाटतो आणि खिडकीचे भोक होते. उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. व्याजावर व्याज चढावे तशी ही संख्या वाढते.

पानावर मोठी, वेडीवाकडी भोके आणि जवळ हिरवट-काळ्या विष्ठेचे खडे दिसले, तर संशय स्पोडोप्टेरावर घ्यावा. ही तंबाखूवरील पाने खाणारी अळी अनेक पिकांवर येते. तिची मादी अंडी पुंजक्याने घालते आणि त्यावर तपकिरी केसांचे आवरण घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या प्रथम एकाच पानावर समूहाने राहतात आणि त्या पानाची चाळणी करतात. मोठ्या झाल्या की त्या पांगतात व रात्री खातात. म्हणून शेतात चाळणी झालेले एखादेच पान दिसते त्या दिवसाला महत्त्व आहे. तेव्हा ते एक पान तोडून काढले की काम भागते. आठ दिवसांनी त्याच अळ्या शेतभर पांगलेल्या असतात.

पाठीची कमान करून चालणारी हिरवी उंटअळीही कधीकधी दिसते. पोटाच्या मधल्या भागात पाय नसल्याने तिला अशी चाल चालावी लागते. तिची संख्या बहुधा मर्यादित असते. पुस्तकांतून चित्र दिसते ती पिवळसर, काळ्या ठिपक्यांची, झुंडीने राहणारी अळी पांढऱ्या फुलपाखराची असते. तो मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याचा आणि उत्तर भारताच्या मैदानाचा प्रश्न आहे. ते चित्र पाहून कोकणातील प्रत्येक अळीला तेच नाव देणे बरोबर नव्हे.

गड्डा धरताना

गड्डा धरू लागला की पानांच्या वळ्यांत मावा वस्ती करतो. कोबीवरील मावा राखाडी, मेणचट भुकटीने माखलेला असतो. मोहरीवरील मावा हिरवट असतो. ते पानांतील रस शोषतात, त्यामुळे पान खाल्लेले दिसत नाही. ते मुरडते, पिवळे पडते. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. रोपाकडे मुंग्या चढताना दिसल्या तर दोष मुंग्यांना देऊ नये. त्या गोडव्यासाठी आलेल्या असतात, मूळ कारण पानाच्या पोटात असते. माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्ले देतात. म्हणून दोन दिवसांत वस्ती दुप्पट झाल्यासारखी वाटते.

जे कीटक नव्हेत

काही नुकसानींत कीटकाचा संबंधच नसतो. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा पिवळा डाग पडला आणि त्यातील शिरा काळ्या झाल्या, तर तो घाण्या रोग असतो. तो जिवाणूंमुळे होतो. कोकणातील आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम कमी पडले की फुलकोबीच्या पानाचा हिरवा पडदा नीट वाढत नाही आणि मधली शीर तेवढी चाबकासारखी उरते. पाहणाऱ्याला वाटते, अळीने पान खाऊन टाकले. पानावर चकाकणारा वाळलेला पट्टा असेल तर तिथून रात्री गोगलगाय गेलेली असते. या तिन्ही प्रसंगी कीटकनाशकाचा थेंबही उपयोगाचा नाही, तरी अशा प्रसंगीही फवारणी होत असते.

याहून दुःखद चूक मित्र कीटकांच्या बाबतीत घडते. कोबीच्या पानावर तांदळाच्या कणीएवढे, पांढरे रेशमी कोष दिसतात. पाहणारा त्यांना किडीची अंडी समजून घाबरतो. वस्तुतः तो पुष्कळदा कोटेशिया नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीचा कोष असतो. ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीत अंडे घालते आणि तिची संख्या आटोक्यात ठेवते. त्या पतंगाचा स्वतःचा कोष विरळ जाळीचा असतो आणि आतील हिरवट कोषावस्था आरपार दिसते. एक भिंग आणि अर्धे मिनिट एवढ्याने दोहोंतील फरक कळतो. माव्याच्या वस्तीत काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले दिसले, तर त्यांच्यातही अशीच एखादी छोटी गांधीलमाशी वाढत असते. ढालकिडा, त्याची काळी-नारिंगी, मगरीसारखी दिसणारी अळी, सिरफिड माशीची अळी, क्रायसोपा आणि कोळी ही सारी माव्यावर व अळ्यांवर गुजराण करणारी मंडळी आहेत. ढालकिड्याची अळी तर केवळ रूपामुळे शत्रू समजून चिरडली जाते.

जालीम औषधाचा हिशेब

शेठच्या मनात आलेले 'जालीम औषध' हा साऱ्या जगाने करून पाहिलेला उपाय आहे. डीडीटीला दाद न देणारा पहिला पीकशत्रू म्हणून याच चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची जावा बेटावर १९५० च्या दशकाच्या आरंभी नोंद झाली. भारतात त्याच्या प्रतिकारशक्तीची पहिली नोंद १९६८ मध्ये पंजाबातून आली. पुढे नवनवी औषधे आली आणि प्रत्येकाची धार काही वर्षांत बोथट झाली. १९९० मध्ये हवाई बेटांवरून बीटीलाही त्याने दाद दिली नसल्याचे वृत्त आले. आज नव्वदहून अधिक कीटकनाशक घटकांना हा पतंग जगात कुठे ना कुठे पुरून उरला आहे. त्याच्यामुळे होणारे नुकसान आणि नियंत्रणाचा खर्च मिळून वर्षाला चार ते पाच अब्ज डॉलर होतो, असा अंदाज २०१२ मध्ये संशोधकांनी मांडला.

कारण हिशेबाचे आहे. फवारणीतून दहा-पाच चिवट अळ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. दुसऱ्या बाजूला गांधीलमाश्या व ढालकिडे त्याच फवारणीत मरतात, आणि त्यांची संख्या इतक्या लवकर भरून येत नाही. परिणामी तीन आठवड्यांनी शेतात कीड पूर्वीपेक्षा अधिक आणि पहारेकरी कमी, अशी स्थिती येते. शेतकरी मात्रा वाढवतो, दोन औषधे एकत्र करतो, आणि खर्चाची बाजू फुगत जाते.

या हिशेबात माणूसही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. पीक वेगळे, जिल्हा वेगळा, पण पाठीवर पंप घेऊन वाऱ्यात उभा राहणारा माणूस चामटोलीतही तसाच असतो. "फवारून टाका" हे दोन शब्द दुकानातून बोलणे सोपे असते, कारण फवारा अंगावर घेणारा दुसरा असतो.

मग करावे काय? प्रथम मोजावे. शेतात नागमोडी चालत वीस झाडे निवडावीत आणि प्रत्येकाची पाने उलटून अळ्या मोजाव्यात. समजा, वीस झाडांवर मिळून चौदा अळ्या आढळल्या. सरासरी प्रति झाड एकाहूनही कमी पडली. गड्डा धरण्याच्या वेळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या सरासरी दोन अळ्या प्रति झाड ही साधारण मर्यादा मानली जाते. म्हणजे येथे फवारणीचे कारण नाही. शिवाय बाहेरच्या जुन्या पानांवर छिद्रे असली तरी ती पाने बाजारात जात नाहीत. झाडाला काही प्रमाणात पाने गमावणे सोसते.

मारण्याआधी टाळता येण्याजोगे उपायही पुष्कळ आहेत. रोपवाटिकेवर बारीक नायलॉन जाळी घातली तर कीटक आत येतच नाहीत, त्यांना मारण्याचा प्रश्नच उरत नाही. मुख्य शेतात तुषार सिंचन संध्याकाळी चालवले तर पतंगांच्या मीलनात आणि अंडी घालण्यात अडथळा येतो. माव्याची वस्ती लहान असताना पाण्याच्या जोरदार धारेने विस्कटते. काढणीनंतर उरलेले बुडखे शेतात न ठेवणे आणि त्याच जमिनीत लागोपाठ कोबीवर्गीय पीक न घेणे, हे वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनाही ठाऊक असते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने आणखी एक मार्ग दाखवला. कोबीच्या दर पंचवीस ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात, एक कोबीच्या लागवडीपूर्वी पंधरा दिवस आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढले जातात आणि उपाययोजना त्या दोन ओळींपुरती राहते. एवढे करूनही मर्यादा ओलांडली गेलीच, तर पाच टक्के निंबोळी अर्कापासून सुरुवात करावी. हे सर्व उपाय जीवहानी शून्य करतात असे नाही. शेतीत ते कोणालाच साधलेले नाही. पण हानीचे क्षेत्र आणि प्रमाण ते कमी करतात, आणि गृहस्थाच्या यतनेचा अर्थही तोच आहे.

दुकानाच्या गल्ल्यावर

अनेक व्यापारी कुटुंबांची खते, बियाणे आणि औषधांची दुकाने आहेत. त्यांच्यासाठी ही ओळख धंद्याचाच भाग आहे. गिऱ्हाईक येऊन "कोबीसाठी औषध द्या" म्हणाले, तर सचोटीचा दुकानदार आधी पान मागतो. कीटकनाशकांच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत, हेही सोबतच्या पत्रकावर छापलेले असते. या दोन गोष्टी गिऱ्हाइकाला तोंडी सांगण्यास एक मिनिट लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आहे. घरातील तरुण पिढी गल्ल्यावर बसणार असेल, तर तो अभ्यासक्रम करून घेणे हिताचे. चुकीच्या औषधाने पीक गेले की शेतकऱ्याची उधारी बुडते, आणि त्याहून मोठी हानी म्हणजे त्याचा विश्वास बुडतो.

स्वयंपाकघरात

कोबीवर्गीय भाज्यांची सर्वांत बारकाईने होणारी तपासणी आपल्या घरांतूनच होत आली आहे. काही घरांत या भाज्या मुळीच आणल्या जात नाहीत, काही घरांत चातुर्मासात वर्ज्य असतात. ज्या घरांत त्या शिजतात तिथे आजी फुलकोबीचा एकेक तुरा उजेडात धरून, उलटून, देठाच्या खाचा पाहून मगच चिरायला घेतात. आधी कोरडे निवडावे, पाण्यात नंतर टाकावे, हा त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. जिवंत अळी दिसली तर ती पानासकट अलगद बाहेर ठेवता येते. थेट मिठाच्या गरम पाण्यात टाकल्यावर ती संधी राहत नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. कोबीतील अळी पोटात गेली तर ती मेंदूत शिरते, असे अनेक घरांत सांगितले जाते. कोबीची अळी वनस्पतीवर जगणारी आहे, माणसाच्या शरीरात ती जगू शकत नाही. मेंदूत गाठी करणारा आजार डुकराच्या मांसाशी निगडित असलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होतो. ही अंडी अतिसूक्ष्म असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून वा मातीतून ती कोणत्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात, म्हणून शुद्ध शाकाहारी व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो. त्यावर उपाय अळीची भीती बाळगण्याचा नसून भाजी वाहत्या पाण्यात स्वच्छ धुण्याचा, नीट शिजवण्याचा आणि हात धुण्याचा आहे. दुसरीकडे, एकही छिद्र नसलेला चकचकीत गड्डा हा निर्दोष असेलच असे नाही. तो कितीदा फवारला गेला, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकणे म्हणूनच योग्य.

चामटोलीच्या त्या वाडीतील दोन पाने संध्याकाळच्या लोकलने कल्याणला पोहोचतात. आजी चष्मा लावून ती दिव्याखाली धरतात. एका पानाच्या पारदर्शक खिडक्यांतून प्रकाश येतो. पानाच्या उलट्या बाजूला पांढरे, कणीएवढे चार कोष चिकटलेले असतात. नातू कृषी सहायकांना छायाचित्र पाठवतो. उत्तर येते, कीड चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची आहे, पण चारही कोष मित्र गांधीलमाशीचे आहेत. आठ दिवस थांबा, वीस झाडे मोजा आणि कळवा.

शेठ काकांना दूरध्वनी करतात. "काका, औषध आणलंत का?"

"नाही शेठ, उद्या बाजारच्या दिवशी जाणार होतो."

"मग राहू द्या. सकाळी वीस झाडं मोजायची आहेत. मीही येतो."